कड

दारावरची घंटा वाजली तेव्हा
पारा एक्केचाळिसावर होता,
आणि हेक्टर गॅलब्रेथ दुकानात आला
किल्ट नेसून.

"मुद्दाम नेसून आलोय, विन," म्हणाला,
"टोपी किल्टवर बघायची, पँटवर नाही."

जानेवारी. विमेराचा गव्हाचा पट्टा.
कापणी उरकलेली, धसकटं करपलेली.
शनिवारी मैदानावर मेळावा,
अकरा गावांची बॅगपाइपची पथकं,
आणि ऊन असं मी मी म्हणणारं
की गुलाबी काकाकुवेसुद्धा उडायचं सोडून
पाण्याच्या टाकीच्या सावलीत
चालत चालत जातात.

कानाचं तो बोलला नाही.
मीच पाहिलं. डावा, वरची कड
नखाएवढी कापून नेलेली,
टाके काळे, मुंग्यांसारखे.
पन्नास वर्षं पथकाची ती लोकरी टोपी डोक्यावर,
पुढे टोक, मागे दोन फिती,
सावली टिकलीएवढीसुद्धा नाही.
जिथे ती शिवली गेली
तिथे ऊन पाहुण्यासारखं येतं,
चहा पिऊन जातं.
इथे ते घरजावई.

मी एकेक काढत गेले.
गवताची: हलकी, हवा खेळती,
पण आरशात उभं
बुजगावण्याचं सख्खं भावंडं.
पांढरी, क्रिकेटची:
"अंपायर दिसतोय मी.
पोरं स्वेटर आणून देतील हातात."
मानेवर पडदा सोडलेली खाकी:
काही बोललाच नाही,
काढून काउंटरवर उलटी ठेवली,
जेवण आवडलं नाही की ताटली सारतात तशी.

मग सशाच्या केसांची, रुंद कडेची,
गुराखी घालतात ती.
ती बसली.
हिरव्या-निळ्या चौकड्यांवर तपकिरी रंग
असा की जुनी सोयरीक असावी.
त्याने आरशात टोपी पाहिली, मग उघडे गुडघे,
मग पुन्हा टोपी.

"वाजवून बघ," मी म्हटलं.
पिशवी काखेत गेली, गाल फुगले,
आणि डाव्या खांद्यावरची लांब नळी
कडेवर थडकली.
टोपी उजव्या डोळ्यावर.
सरळ केली. पुन्हा फुंकलं.
पुन्हा तेच.

"डावी कड वर दुमडून टाचू?
सैनिकांसारखी?"
"आणि ह्याचं काय?"
बोट कानाकडे,
आवाज इतका हळू
की त्या कानाला ऐकू जाऊ नये.

तीस वर्षं मी लोकांना टोप्या घालते,
टोपी मात्र कुणाला घातली नाही.
म्हणून खरं तेच सांगितलं:
कान तरी वाचेल, नाहीतर सूर.

तो स्टुलावर टेकला,
मागच्या चुण्या दोन्ही हातांनी सारख्या करून.
आठ वार लोकर कमरेभोवती,
लुगड्याला वारभर कमी,
आणि घाम मोज्यांपर्यंत पोचलेला.
"अंगावर एवढं वागवतो," म्हणाला,
"आणि डोक्याला वीतभर सावली मिळेना."

मी कातर घेतली.
खडूने खूण केली जिथे नळी टेकते,
आणि नव्या कोऱ्या टोपीच्या कडेतून
एक तुकडा काढला, अर्धगोल,
अंगठ्याएवढा.
पैसे घेताना हात थरथरला माझा,
कापताना नाही.
त्याने खाच बोटाने चाचपली,
मग कान चाचपला,
आणि हसला, दात नसलेल्या बाजूने.

शनिवारी पथक चौथं आलं.
वाजवण्याचे गुण पुरते,
पोशाखाचे कापले.
पथकाचा नायक लॅचलन मॅकफी
तंबूमागे हेक्टरवर असा ओरडला
की लिंबू सरबताच्या रांगेतल्या बायकांनी
पोरांचे कान झाकले.

सोमवारी घंटा वाजली.
दारात लॅचलन, किल्ट नेसून,
मानेवर उन्हाचा लाल पट्टा, नाकाची सालं निघालेली.
"एक अक्षर बोलू नकोस," म्हणाला,
आणि डोकं पुढे केलं.